सत्यभामाबाईंच्या चक्कीतला परमाणू

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यात शिरलं की उजव्या हाताला एक निळी पाटी लागते. पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आटा चक्की, प्रो. सौ. सत्यभामा ल. सेलोकर', आणि त्यापुढे वीतभर पत्रा कोरा. नवखा माणूस म्हणेल, पेंटरचा रंग संपला असेल. तसं काही नाही. पाटी रंगवताना ती जागा सोडायला सत्यभामाबाईंनीच सांगितलं होतं. "पुढं बी.ए. लिवाचं आहे, दादा. तीन वर्षांनं येजो." त्याला आता आठ वर्षं झाली. धनीराम पेंटर तेव्हापासून रस्त्यात दिसला की हवेतल्या हवेत ब्रश फिरवतो आणि ओरडतो, "आणू का डबा?" सुरुवातीला त्या हसायच्या. पुढे पुढे त्यांनी धनीरामचा रस्ताच सोडला.

तीन वर्षांची पदवी, आणि ती आठ वर्षांच्या आत पुरी करायची, असा त्या मुक्त विद्यापीठाचा नियम. मुलीनं, तृप्तीनं, मोबाइलवर हौसेनं फॉर्म भरून दिला तेव्हा आठ वर्षं म्हणजे जन्म वाटला होता. इतिहास सुटला, समाजशास्त्र सुटलं, मराठीत तर फर्स्ट क्लास. एक तत्त्वज्ञान तेवढं गळ्यात अडकून बसलं. लेखी सुटलं होतं, पण त्याला एक प्रकल्प आणि तोंडी परीक्षा होती. पहिल्या वेळी परीक्षकासमोर बाईंचं तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी उघडलं, पण परीक्षकांनी गाइडबाहेरचं काही विचारलं आणि ते पुन्हा मिटलं. या बाई गिऱ्हाइकांशी बोलायला लागल्या तर मोटारीचा आवाज मागे पडतो, पण खुर्चीत बसून कुणी प्रश्न विचारला की त्यांची जीभ टाळूला चिकटते. आता ही तिसरी वेळ, आठवं वर्ष आणि शेवटची संधी. यंदा नापास झाल्या तर सगळे पेपर पाण्यात, आणि पाटीवरची जागा कायमची कोरी.

चक्कीचं मात्र त्यांना कुणी काही विचारावं. बावीस वर्षं झाली. चक्कीत दोन दगड असतात, एक बसका, एक फिरता. मधली फट चाकानं कमीजास्त होते. दुसरे चक्कीवाले पीठ चिमटीत घेऊन बघतात, सत्यभामाबाई ती फट कानानं लावतात. दगड घरघरतात तोवर ठीक, खरखरले की चाक ढिलं करायचं. आणि दोन नियम त्यांनी सासूकडून जात्यासकट घेतले होते. एक, दगड रिकामे फिरवायचे नाहीत. दोन, दगडाला टाकी मारून नव्या खाचा पाडल्या किंवा दगड दगडाला लागला, की आधी मूठमूठ कोंडा दळून काढायचा, तो फेकायचा आणि मगच दुसऱ्याचं धान्य घालायचं. कारण चक्कीत मागच्याचं थोडं पुढच्यात जातंच. ज्वारीनंतर गहू आला तर पहिल्या दोन मुठी सावळ्या निघतात, तसंच दगडाच्या कणांचं.

यंदाचा प्रकल्पाचा विषय चिठ्ठी उचलून ठरला. बाईंच्या चिठ्ठीत निघालं, 'प्राचीन बौद्ध आणि ग्रीक परमाणुविचार: तुलना'. बाकीच्या विद्यार्थ्यांनी हळहळून च् च् केलं. बाई मात्र टमटममध्ये बसून कारध्यापर्यंत चिठ्ठी वाचत आल्या आणि घरात शिरताच नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, हा तं दळनाचा विषय आहे!"

लक्ष्मणरावांनी बोडीखालच्या, म्हणजे गावतळ्याखालच्या, दोन एकरांत आयुष्य काढलेलं. बायको बोलते तेव्हा मान हलवायची आणि ती गप्प झाली की काळजी करायची, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांनी मान हलवली.

पण बाईंचं चुकलं नव्हतं. एका दाण्याचे किती तुकडे होतात, तुकड्याचे तुकडे करत गेलं तर शेवटी काय उरतं, हाच तर प्रश्न होता. दुपारी लाइट जायची, चक्की थांबायची, तेव्हा त्या पोत्यावर बसून वाचायच्या. जुन्या बौद्ध आचार्यांनी केलेलं माप वाचून तर त्या खुदकन हसल्या. बोटाच्या एका पेरात सात जवाचे दाणे. एका जवात सात उवा. एका उवेत सात लिखा. एका लिखेत उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सात कण. पुढे गायीच्या, मेंढीच्या, सशाच्या केसावर बसणारी धूळ, मग पाण्यातून जाणारी, मग लोखंडातून जाणारी, मग अणू, असं साता-साताने उतरत जाऊन शेवटी परमाणू. एवढे ज्ञानी भिक्षू, पण उवा-लिखा मोजून राहिले, म्हणजे आपलीच माणसं की! बाईंनी पत्र्याच्या डब्यावर खडूनं गुणाकार मांडला. तिरिपेतल्या एका कणाच्या लांबीत परमाणू निघाले आठ लाख तेवीस हजार पाचशे त्रेचाळीस. दोनदा तपासलं, बरोबर होतं. तो डबा त्यांनी पुढे चार दिवस पुसला नाही.

चक्कीच्या टिनाला एक भोक आहे. बारा वाजता त्यातून ऊन उतरतं आणि त्यात पिठाची धूळ तरंगते. आणि पुस्तकात काय निघावं, तर तिकडे समुद्रापार ग्रीकांनीही उन्हातले असेच कण पाहून परमाणूचं बोलणं केलेलं. बाई हरखल्या. दोन देश, दोन माणसं, आणि ऊन तेच! त्यांनी प्रकल्पात ठासून लिहिलं: 'दोघांचे म्हणणे एकच आहे.'

अभ्यासकेंद्रावर शिकवणारे भुपेंद्र सर वयानं तृप्तीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठे. स्वभावानं चांगले, पण परीक्षेच्या तारखा जवळ आल्या की त्यांचा जीव घड्याळात अडकतो. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"बाई, एकच कसं? ग्रीकांचा परमाणू अमर आहे. तो जन्मत नाही, मरत नाही. नुसत्या जागा बदलतो. त्यांचे जुळले की वस्तू झाली, सुटले की वस्तू मोडली. परमाणू मात्र तेच. आणि बौद्धांचा? तो क्षणभर असतो, संपतो. त्याच्यामागून दुसरा येतो. वर तो एकटा कधी सापडत नाही. घट्टपणा, ओलेपणा, ऊब, हालचाल, रंग, वास, चव असं सगळं घेऊन झुंबडीनंच येतो. जमीन-अस्मानाचा फरक आहे."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबला. "सर, शेवटचा तुकडा म्हंजे त्याले बाजू नाई, असंच ना?"

"असंच. बाजू असली तर आणखी तुकडा पडेल."

"मंग तो दुसऱ्याले चिपकते कुठून?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे परीक्षेत येत नाही, बाई. तुम्ही फरकाचे सहा मुद्दे पाठ करा."

बाईंनी वहीत लिहिलं, 'हे परीक्षेत येत नाही'. लिहिलं खरं, पण डोक्यातून ते काही गेलं नाही. भाजी फोडणीला टाकताना, पट्टा चढवताना, अंघोळीच्या पाण्यातही तेच. बाजू नाही, तर चिकटतो कुठून? अशा वेळी शहाण्या माणसानं दुसरं काम काढावं. सत्यभामाबाईंनी चक्की चालू केली, आणि इथेच सगळं बिघडलं.

अधिक महिन्याचे दिवस होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी घरचे मूठभर तांदूळ घेतले आणि दळले. तेच पीठ चाक आवळून पुन्हा दळलं, आणखी आवळून पुन्हा. माणसाच्या हातानं किती बारीक होतं ते तरी बघू, एवढाच विचार. चौथ्या वेळी पीठ इतकं थोडं उरलं की दगडांमध्ये काही राहिलंच नाही, आणि चाक तर गच्च आवळलेलं. खर्रर्र आवाज झाला आणि जळका वास सुटला. बाईंनी धावत बटण बंद केलं, चाक ढिलं केलं. तळहातावरचं पीठ त्या उन्हात धरून पाहतच होत्या, तोच दारात आनंदाबाई.

आनंदाबाई शेजारच्या. बाईंपेक्षा दहा वर्षांनी वडील, आणि बोलण्यात त्याहून थोर. त्यांच्या लेकीचं लग्न होऊन आलेला हा पहिलाच अधिक महिना. म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत निथळवले, आता दळायला आणलेले. जावई इश्वर जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला, क्वार्टरमध्ये राहणारा. आनंदाबाई त्याच्या नोकरीचं, त्याच्या शांत स्वभावाचं, त्याच्या आईच्या अशांत स्वभावाचं सगळं सांगत राहिल्या. सत्यभामाबाईंच्या डोक्यात परमाणू. त्यांनी हं हं करत तांदूळ ओतले, दळले, डबा भरून दिला. कोंडा घालायचा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा राहिला.

पाच-सहा दिवसांनी, सोमवारी सकाळी, आनंदाबाई पुन्हा दारात उभ्या. हातात डबा नव्हता.

"सत्यभामा! माह्या जावयाच्या तोंडात गोटे घातले तू!"

झालं होतं असं. ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, चार पाहुणे. इश्वरनं पहिला अनारसा तोंडात घातला आणि कच्च आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानं काही म्हटलं नाही. मान खाली घालून अख्खा अनारसा कचकच चावत संपवला, आणि दुसरा उचलला. तोच आवाज. तो बोलला असता तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला.

"पुस्तक वाचाचं असन तं पुस्तकच वाच! लोकायचे तांदूळ कायले नासवून राहिली? पन्नाशी झाली, बी.ए. म्हणे, बी.ए.! नातू खेळवाच्या वयात!"

एरवी सत्यभामाबाई दोनाला चार सुनावणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कारण आनंदाबाई खोटं बोलत नव्हत्या. चक्कीवालीच्या हातून दुसऱ्याच्या पिठात दगड जावा, याहून मोठी नाचक्की नाही. दळायला आलेल्या दोघीजणी डबे उचलून निघून गेल्या. बाईंनी शटर अर्धं ओढलं आणि पोत्यावर बसून पोटभर रडून घेतलं. मग उठून घरचे जुने तांदूळ निवडले, धुतले आणि भिजत घातले.

जेवताना त्या लक्ष्मणरावांना म्हणाल्या, "मी नाई जात गुरुवारी परीक्षेले. पुरे झालं."

लक्ष्मणराव पाणी प्यायले. "नोको जाऊ," ते म्हणाले. मग हात धुऊन आल्यावर, "पन दगड तं पाहून घे. उद्या कोणी आलं तं?"

दोघांनी मिळून फिरता दगड काढला आणि उलटा करून पोत्यावर ठेवला. बाई टाकी-हातोडी घेऊन बसल्या. कडेला जिथे दगड दगडाला घासला होता तिथे तो काचेसारखा गुळगुळीत झालेला, खाचा साफ पुसलेल्या. आत, जिथे लागला नव्हता, तिथे खाचा जशाच्या तशा. बाई एकेक खाच पुन्हा पाडत गेल्या. टक्, टक्, टक्. निम्मा दगड झाला असेल, आणि हात थांबला.

"अवो, ऐकता का? दगड दगडाले लागला तं पीठ होत नाई. दगडाचंच पीठ होते."

"हो."

"आन लई दूर राहिला तं दाना साबूत पडते."

"हो."

"मंग लागलाच नाई पाहिजे. पन इतका जवळ पाहिजे का लागल्यासारखा."

लक्ष्मणरावांनी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायकोच्या अभ्यासात आपल्या घरचं काहीतरी दिसलं. "रोवन्यात तसंच असते ना वो," ते म्हणाले. "धानाचे रोप चिपकून लावले तं फुटत नाई. मधात जागा लागते."

बाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं एवढं शहाणपणाचं, आणि इतक्या वेळेवर, कधी बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी टाकी खाली ठेवली आणि वही शोधायला उठल्या.

गुरुवारी परीक्षा घ्यायला नागपूरहून मॅडम आल्या होत्या. पांढरे केस, जाड चष्मा, समोर प्रकल्पांची चळत. कोपऱ्यात भुपेंद्र सर हाताची घडी घालून बसलेले. दर मिनिटाला मनगटावरचं घड्याळ बघत होते. बाईंनी धुतलेली साडी नेसली होती, तरी पदराला पिठाचा वास येत होता.

"दोन्ही विचारांतले फरक सांगा."

फरकाचे सहाही मुद्दे घडाघडा आले. सरांनी श्वास सोडला.

"छान. आणि साम्य?"

साम्य गाइडमध्ये दोनच ओळी होतं, आणि त्या दोन ओळी गेल्या. साफ गेल्या. वर पंखा फिरत होता. बाईंच्या जिभेला ती ओळखीची चिकटण जाणवली, मागच्या दोन्ही वेळची. आता मॅडम पुढचं पान उलटतील, 'ठीक आहे, या तुम्ही' म्हणतील, आणि आठ वर्षं संपतील. बाईंनी पदर नाकाजवळ नेला आणि खाली सोडला.

"मॅडम, मी माह्या बोलीत सांगू का?"

"सांगा की."

"मी चक्की चालवतो, मॅडम. मले वाटलं दोघायचं एकच आहे, कावून का दोघायनं उन्हातलीच धूळ पाहिली. सरांनं सांगतलं, नाई, एकाचा अमर आहे, एकाचा क्षणभराचा. ते पटलं. पन मले येक खटकून राहिलं होतं. परमाणूले बाजू नाई म्हणता, तं तो दुसऱ्याले चिपकते कुठून? बाजूनं चिपकला म्हंजे बाजू आली. बाजू आली म्हंजे त्याचा आनखी तुकडा पडन. मंग तो शेवटचा कायचा?"

मॅडमनी चष्मा काढला. "हा प्रश्न तुम्हाला कुणी सांगितला?"

बाई गडबडल्या. कोपऱ्यातून भुपेंद्र सर उठून उभे राहिले, त्यांचे कान लाल झालेले. "मॅडम, तो त्यांचाच आहे. मी तर म्हटलं होतं, हे परीक्षेत येत नाही."

मॅडम मोठ्यानं हसल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "सोळाशे वर्षांपूर्वी एका बौद्ध आचार्यांनी हाच प्रश्न विचारून आपल्याच घरच्या परमाणूवाल्यांची पंचाईत केली होती. म्हणाले, एका परमाणूला सहा दिशांनी सहा येऊन भिडले, तर त्याला सहा अंगं झाली. मग तो अखंड कसा? आणि अंगं नाहीत म्हणाल तर सातही एकाच जागी मावतील. डोंगर उभा केला तरी तो परमाणूएवढाच राहील."

सत्यभामाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कुणी एक भिक्षू, सोळाशे वर्षांमागे, हाच प्रश्न घेऊन बसला होता. त्यालाही अंघोळ करताना, भिक्षेला जाताना हेच आठवत असणार. आणि कुणी त्याला म्हणालं असेल, हे येत नाही. त्यांना एवढा आनंद झाला की आपण परीक्षेला बसलोय हेच त्या विसरल्या.

"मंग त्याच्यावर उत्तर काय, मॅडम?"

"इथे प्रश्न मी विचारायचे असतात," मॅडम म्हणाल्या, पण चेहरा हसरा होता. "तुम्हीच सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

मग बाईंनी दगडांची गोष्ट सांगितली. फट किती ठेवायची, आवाज कसा ऐकायचा, लागला तर काय होतं, दूर राहिला तर काय होतं. नवरा रोवण्याचं काय म्हणाला तेही. "म्हणून मले वाटते, मॅडम, साम्य म्हंजे हे. ग्रीकायनं परमाणूच्या मधात रिकामी जागा ठेवली, तिच्याबिगर काही हलूच शकत नाई म्हणे. आन आपल्याकडच्यायलेबी काहीतरी सोडाच लागन. एकदम चिपकले तं सगळं येकच होऊन जाईन."

"काश्मीरकडचे जुने आचार्य असंच म्हणत," मॅडम हळूच म्हणाल्या. "परमाणू एकमेकांना लागत नाहीत, अगदी जवळ असतात एवढंच. ग्रीकांची पोकळी आणि ही गोष्ट अगदी एक नाही, यावर भांडता येईल. पण भांडण चांगलं आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "दगड लागल्यावर काय होतं, हे इतकं नक्की कसं माहीत?"

"आनंदाबाईच्या जावयाच्या दातावरून," बाई बोलून गेल्या, आणि मग सगळंच सांगावं लागलं. मॅडमना पाणी प्यावं लागलं. भुपेंद्र सर तोंड वळवून खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

"शेवटचा प्रश्न. मग बरोबर कोण? ग्रीक की बौद्ध?"

या वेळी बाईंची जीभ चिकटली नव्हती, त्या खरोखरच विचार करत होत्या.

"चक्कीतून पीठ निघते, मॅडम, परमाणू निघत नाई. मी कशी सांगू? ग्रीकायचं ऐकलं का जिवाले बरं वाटते. काहीच हरवत नाई, नुसती जागा बदलते. माही माय गेली, सासू गेली, तं वाटते, इथंच असन कुठंतरी." त्यांनी खुर्चीवर हात ठेवला. "पन ह्या खुर्चीत येक बाई दोनदा नापास होऊन गेली, मॅडम. बौद्ध म्हणते तसं असन, तं ते बाई आता नाई. तिच्यामागून मी आली. मले आज तेच पटून राहिलं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "या तुम्ही," त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात.

घरी आल्यावर बाईंनी तीन दिवस भिजलेले तांदूळ उपसले आणि सावलीत पसरले. निथळल्यावर चक्की चालू केली. आधी कोंडा. मूठभर नाही, चांगला पायलीभर. गायीलाही तो दिला नाही, उकिरड्यावर नेऊन टाकला. मग तांदूळ दळले आणि डबा घेऊन स्वतः आनंदाबाईंच्या दारी गेल्या.

"मावशी, अधिक महिन्याचे आठ दिवस आहेत अजून. चुकलं माह्यं."

आनंदाबाईंनी डबा उघडला, चिमूटभर पीठ दाढेखाली धरलं आणि डोळे मिटून चावलं. बराच वेळ चावलं. "हं," एवढंच म्हणून त्यांनी डबा आत नेला. तो 'हं' राग गेल्याचा होता की नाही, हे बाईंना रस्ताभर कळेना.

महिना-सव्वा महिन्यानं भुपेंद्र सर मोटारसायकल चक्कीच्या दारातच घालून ओरडले, "बाई, सुटलात! तोंडीत केंद्रात पहिल्या आहात!" लक्ष्मणराव बोडीवरून चिखलाच्या पायांनी आले, बातमी ऐकून मान हलवली आणि परत गेले. थोड्या वेळानं धनीराम पेंटर शिडी घेऊन आला. त्याला निरोप कुणी दिला होता हे विचारायची गरज नव्हती.

धनीराम शिडीवर चढून 'बी' काढत होता, तोच आनंदाबाई डबा काखेला मारून हजर. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच.

"उतर खाली, धन्या. दारात शिडी लावून ठेवली, दळन आनाचं का नाई लोकायनं?"

"मावशी, दोन अक्षरं आहेत."

"मंग काढ लवकर." आनंदाबाईंनी डबा सत्यभामाबाईंच्या हातात दिला आणि पोत्यावर ऐसपैस बसल्या. "जावई आला होता. तेहतीसचे तेहतीस अनारसे खाल्ले त्यानं. म्हणे, हे बी.ए.वाल्या बाईच्या चक्कीतले आहेत का? मी म्हणलं, हो. तं म्हणे, मंग मांगच्या वेळी माह्या दाताखाली आला तो परमाणू असन." त्या पदरात तोंड लपवून हसल्या. मग गंभीर झाल्या. "का वो, सत्यभामा, तू त्या नागपूरच्या मॅडमले असं सांगतलं तरी काय? सारं गाव म्हणते, मॅडमचे डोळे भरले."

"काही नाई, मावशी. धुळीचं, दगडाचं."

"मलेबी सांग ना. पीठ होईपर्यंत."

सत्यभामाबाईंनी मूठभर कोंडा दळून फेकला, चाक जरासं ढिलं केलं आणि कान दिला. घरघर बरोबर होती. टिनाच्या भोकातून ऊन उतरलं होतं. बाहेर शिडीवर धनीराम 'ए' काढत होता. त्यांनी डब्यातला एक तांदूळ उचलून आनंदाबाईंच्या तळहातावर ठेवला.

"मावशी, पहिले हा दाना पाहा," त्या म्हणाल्या. "आता याचे दोन तुकडे करा."